मागं पाऊल नाही

माझ्याकडे एकवीस वह्या आहेत. प्रत्येक पथकाची वेगळी, प्रत्येक शाळेची वेगळी. आत चौकटींचा कागद, त्यावर पेन्सिलने काढलेली रचना, प्रत्येक ठिपक्याला क्रमांक, आणि शेवटच्या पानावर कोणत्या क्रमांकावर कोणी उभं राहायचं त्याची यादी. शाळांमध्ये लेझीम आणि बँड, गावांमध्ये ढोल-ताशा आणि ध्वज. पिरंगुटपासून वर धरणाच्या बाजूपर्यंत जिथे रांगेत चालत वाजवायचं असेल, तिथे रचना आखायला आणि ती लोकांच्या पायांत बसवायला मला बोलावतात. बावीस वर्षं मी हेच करते आहे.

लोक विचारतात, यात आखायचं काय? वाजवायचं आणि चालायचं. असं विचारणाऱ्याच्या कमरेला मी ढोल बांधते आणि दहा फुटी गल्लीत वळून दाखवायला सांगते. बांधलेला ढोल म्हणजे पोटापुढे धरलेलं पिंप. पायाखालचं दिसत नाही, मान वळवून मागचं तर नाहीच.

माझ्या दुसऱ्याच वर्षी सरावात पुढच्या रांगेतल्या एकाने मागे पाऊल टाकलं. टाच मागच्याच्या पायावर पडली. मागचा आडवा झाला, त्याच्यावर हा, याच्यावर ढोल. खालच्याच्या दोन बरगड्या मोडल्या. मोडताना आवाज आला, तो ताशा चालू असतानाही मला ऐकू आला. त्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर पहिला नियम लिहिला: ढोल बांधला की मागं पाऊल नाही. नंतरच्या प्रत्येक वहीत पहिल्या पानावर तोच आहे.

सगळ्या रचना मग याच नियमावर उभ्या राहिल्या. पालखीला किंवा रुग्णवाहिकेला वाट करून द्यायची, तरी मागे सरकायचं नाही. एक लांब शिट्टी, दोन आखूड. सगळं पथक चार पावलं पुढे जातं, मग विषम क्रमांक डावीकडे, सम क्रमांक उजवीकडे, आणि मधून रस्ता उघडतो. गर्दीत उभं राहून पाहिलं तर दार उघडल्यासारखं दिसतं. या इशाऱ्याला आम्ही ‘वाट’ म्हणतो. सगळ्या पथकांना इशारे तेच. एकच यादी, म्हणजे माझा गोंधळ व्हायला नको.

नियमाचं कारण बरोबर होतं. शिकवण्याची पद्धत मात्र माझ्या शाळेतल्या सरांची होती. ते लेझमीच्या दांड्याने नडगीवर मारत. माझ्या डाव्या नडगीवर अजून बोटाच्या पेराएवढा खळगा आहे. मी नडगी सोडून पोटरी धरली आणि दांड्याऐवजी टिपरू. टिपरू म्हणजे ढोल वाजवायचं लाकूड, हातभर लांब. रांगांच्या मागून चालायचं, ज्याची टाच मागे आली त्याच्या पोटरीवर एक. दुसऱ्यांदा आली तर त्याच जागी दुसरं. एक आई मुलाची पोटरी दाखवायला घेऊन आली, तर मी तिला वही उघडून बरगड्यांची गोष्ट सांगितली. ती परत गेली. पुढे शाळांमध्ये मारणं बंद झालं. पथकात हेडमास्तर नसतो, तिथे चालू राहिलं. मोठी माणसंही मार खायची आणि हसायची. हसत होती म्हणून मला वाटलं, चालतं.

मी शिकवायचे त्या एका शाळेत सगळ्यात जास्त मार खाल्लेला एक मुलगा होता. वाजवायला सुरुवात करण्याआधी अर्धं पाऊल मागे घ्यायची त्याला सवय होती, पोहणारा उडी मारण्याआधी घेतो तशी. ती मी दोन वर्षांत मोडून काढली. तो आता तिशीचा आहे, कारखान्यात पाळीवर जातो आणि उरवड्याच्या बाजूच्या एका पथकाचा ताशाप्रमुख आहे. ते पथकही मीच बसवलेलं.

दुसरं पथक रिह्याच्या खोऱ्यातलं; वाजवायला निघालं की मी त्याच्याबरोबर असते, म्हणून ते मला आमचं. त्यात क्रमांक चार, म्हणजे पुढच्या रांगेत डावीकडून चौथी, ही माले गावची मुलगी. तेवीस वर्षांची. घरी थोडी भातशेती, वडील अबोल. पोलीस भरतीसाठी तिने तीन वर्षं घातली होती. मैदान झालं होतं, लेखी झाली होती, निवड यादीत नाव लागलं होतं. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. नावावर एक गुन्हा नोंदवला गेला असता, तर तीन वर्षं पाण्यात. हे आमच्या पथकात सगळ्यांना माहीत होतं, कारण ती यादीतलं आपलं नाव दिवसातून एकदा कोणाला तरी मोबाइलवर दाखवायची.

त्या चैत्रात तालुक्यातल्या एका गावाने यात्रेला पथक बोलावलं. खरं म्हणजे दोन बोलावली. गावात दोन आळ्या. पालखी वेशीतून आत येताना तिच्यापुढे वाजवण्याचा मान एक वर्ष वरच्या आळीचा, एक वर्ष खालच्या. आदल्या वर्षी मान वरच्या आळीचा होता, पण त्याच आळीतल्या पुजाऱ्याच्या भावकीत सुतक आलं आणि पालखी निघालीच नाही. मग या वर्षी मान कोणाचा? वरच्या आळीने खोऱ्यातलं पथक सांगितलं, खालच्या आळीने उरवड्याच्या बाजूचं. माझ्या दोन वह्यांत एकाच गावाची एकच तारीख होती. एक पुढे असेल, एक मागे असेल, असं मी गृहीत धरलं आणि विचारलं नाही.

दुपारी चार वाजता दोन्ही पथकं वेशीच्या आत समोरासमोर आली. मध्ये दहा पावलं. वेशीच्या बाहेर पालखी खांद्यावर घेऊन आठ जण उन्हात उभे. मधल्या मोकळ्या जागेत दोन्ही आळ्यांचे दोन म्हातारे.

“औंदा मान वरच्या आळीचा हाय.”

“कशाचा तुमचा? तुमचा गेल्या साली व्हता. गेला.”

“गेल्या साली पालखी निघाली कुटं?”

“न्हाई निघाली ती तुमच्या भावकीतलं म्हातारं गेलं म्हणून. त्याला आमी मारलं व्हय?”

मागून कोणीतरी हसलं. वरच्या आळीतला एक जण पुढे आला आणि म्हणाला, “म्हाताऱ्याचं नाव काडू नगं, थोबाड फोडीन.”

“फोड की. ये. ढोलामागं लपून काय बोलतूया?”

क्रमांक चारने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या पथकाच्या उजव्या बाजूला, एका ओट्यावर होते. मी विचार केला, वाट उघडावी, पालखी मधून जाऊ द्यावी, मग दोघांनी काय वाजवायचं ते वाजवावं. मी शिट्टी तोंडात धरली. एक लांब, दोन आखूड.

आमचे चाळीस ढोल चार पावलं पुढे गेले. समोरचे छत्तीसही गेले. मधले म्हातारे कडेला पळाले.

दहा पावलांचं अंतर. चार आणि चार आठ. उरली दोन, आणि त्या दोन पावलांत दोन्हीकडच्या पुढच्या रांगांचे ढोल. हे गणित मी नंतर कागदावर केलं. ओट्यावर उभी असताना केलं नाही.

समोरच्यांचे ताशे ढोलांच्या पुढे होते. ताशाप्रमुखाच्या पोटात त्याच्याच ताशाची कड घुसली, कारण पुढून क्रमांक चारचा ढोल आला आणि मागून त्याचीच रांग. त्याने हात वर केला. तो मारायला की सावरायला, हे त्यालाही सांगता आलेलं नाही. हातातल्या वेताच्या काडीचं टोक तिच्या डोळ्याखाली लागलं आणि गाल फाटला. तिने टिपरू फिरवलं. ते त्याच्या तोंडावर बसलं. दोन दात आणि रक्त ताशाच्या पानावर, म्हणजे वरच्या पडद्यावर पडलं, आणि पान ताणलेलं असल्यामुळे ते दात उडाले.

दोघांपैकी कोणीही मागे सरकलं नाही.

पुढच्या पाच-सात मिनिटांचा क्रम मला लावता येत नाही, आणि क्रम लावणं हा माझा धंदा आहे. आमच्या एका मुलीला वेणी धरून ढोलावरून ओढलेली मला दिसली. ध्वजाची काठी भाल्यासारखी धरून एक जण धावला आणि ती समोरच्याच्या खांद्यात रुतली. कोणीतरी टोलाची, ठेका द्यायला वाजवतात ती लोखंडी थाळी दोन्ही हातांनी उचलून एकाच्या पाठीत घातली. तो गुडघ्यांवर बसला आणि ओकला. वरच्या गच्चीतून विटांचे तुकडे आले. ते टाकणाऱ्यांना खाली कोणतं पथक कोणाचं हेही कळत नसणार, कारण सगळ्यांचे फेटे भगवे. एका बाईने घरातून विळा आणला आणि खाली पडलेल्या ढोलांची पानं एकेक करून फाडली. आठ ढोल. तिचा चेहरा शांत होता, भाजी चिरताना असतो तसा.

मी थांबण्याची शिट्टी वाजवत राहिले. मग शिट्टी सुटली आणि मी खाली उतरले. सोडवायलाच उतरले होते. पण दोन मिनिटांनी पाहिलं तर मी टिपरू घेऊन पोटऱ्यांवर मारत होते. आमच्या, त्यांच्या, दिसेल त्या. एकाने वळून माझ्या कानशिलात लगावली. माझा चष्मा गेला तो गेलाच.

मारामारी थांबली ती पालखीमुळे. यात्रेची पालखी वाटेत जमिनीला टेकवत नाहीत. आठ जणांनी ती वेशीतून आत आणली आणि रस्त्याच्या मधोमध, ढोलांच्या तुकड्यांत खाली ठेवली. त्यांच्यातला सगळ्यात पुढचा माणूस म्हणाला, “घ्या. बसवला देव रस्त्यात. आता तुमी वाजवा.”

लोक थांबले. कोणीतरी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात होतो. ताशाप्रमुख, ओठाला टाके घातलेला. दोन्ही आळ्यांचे दोन म्हातारे. क्रमांक चार, गालावर पट्टी, आणि शेजारी तिचे वडील. ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले होते आणि तिच्याकडे एकदाही बघत नव्हते. मी दोन वह्या घेऊन गेले होते. आत जाण्याआधी आमच्या पथकाच्या प्रमुखाने मला बाजूला घेतलं.

“मॅडम, शिट्टीचं काडूच नका. त्यांना वाटतंय त्यांच्याच माणसानं वाजवली. तुमी गप ऱ्हावा.”

“मग हिचं काय?”

“बघू की. वकील करू.”

खालच्या आळीच्या म्हाताऱ्याने तक्रार सांगायला घेतली. समोरचं पथक ठरवून अंगावर आलं आणि या पोरीने टिपरूने मारहाण केली.

ठाण्यातल्या साहेबांनी आमच्याकडे बघून विचारलं, “पथक पुढे आलं, हे खरं का?”

खरं होतं. आमच्यातलं कोणीच नाही म्हणालं नाही.

“ऐका,” म्हातारा म्हणाला. “पुढं आली ती आरती करायला आली व्हय? हिच्या हातात टिपरू व्हतं आन् ह्याच्या तोंडात दात न्हाईत. लिवा सायेब.”

साहेबांनी पेन उचललं. क्रमांक चारने हात मांडीखाली घेतले. त्या पेनाकडे ती ज्या नजरेने बघत होती, तसं मी कोणाला टिपरूकडेही बघताना पाहिलेलं नाही.

मी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या आणि दोन्हींचं पहिलं पान उघडलं. नियम वाचून दाखवला. मग इशाऱ्यांचं पान. दोन्हीकडे तेच, माझ्याच अक्षरात. “शिट्टी मी वाजवली,” मी म्हणाले. “हे पथक मी शिकवलं, तेही मीच शिकवलं. एका शिट्टीवर दोन्हीकडचे पुढे आले. कोणी कोणावर चाल केली नाही. मी पाठवलं.”

साहेबांनी दोन्ही पानं नीट वाचली. “म्हणजे एकमेकांच्या अंगावर घातलंत तुम्ही यांना.”

“हो.”

“मग तुमच्यावर घेऊ का?”

“घ्या.”

वरच्या आळीचा म्हातारा पुटपुटला, “बाईचं डोस्कं फिरलंय.”

तेव्हा ताशाप्रमुख बोलला. सकाळपासून पहिल्यांदा. ओठ सुजलेले असल्यामुळे शब्द जाड येत होते आणि मधेच थांबून तो रुमालात थुंकत होता. “एक पाऊल मागं गेलो असतो तर लागलं नसतं मला. मागंच्यानं बी घेतलं असतं. कुणीच न्हाई घेतलं. हिनं बी न्हाई.” त्याने मुलीकडे पाहिलं. “पोटऱ्या सोलून शिकवलंय. कसं घेणार?”

“मग लिवायचं कुणावर?” खालच्या आळीचा म्हातारा चिडला.

“कुणावरच नको. मला मॅडमला दोन टिपरं हाणायचीत. पोटरीवर. मैदानात, दोन्ही पथकांम्होरं.”

म्हातारा हसला. “आरं, बाईमाणसाला?”

“बाईमाणसानं मला दोन वर्सं हाणली. तवा न्हाई कुणी इचारलं.”

 साहेब म्हणाले, “असलं काही माझ्यासमोर ठरवायचं नाही. तक्रार आहे की नाही, तेवढं सांगा.”

“न्हाई,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

रविवारी सकाळी सात वाजता रिह्याच्या अलीकडच्या मैदानावर दोन्ही पथकं बोलावली. मी आदल्या दिवशी यादी केली होती: कोण कुठे उभं राहणार, पाण्याचं पिंप, मलमपट्टीची पेटी. सवयीने केली. खांद्यात काठी घुसलेला सोडून सगळे आले. बरेच जण लंगडत होते. कोणाच्या हाताला प्लास्टर होतं, कोणाचा डोळा बंद होता. दोन्हीकडचे आपापल्या कडेला उभे राहिले आणि एकमेकांच्या जखमा मोजत राहिले.

मी सलवारचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि मधोमध जाऊन उभी राहिले. ताशाप्रमुखाने माझ्या पिशवीतून माझंच टिपरू काढलं. वजन करून पाहिलं.

क्रमांक चार रांग सोडून पुढे आली. “मॅडम, नका ना.”

“केस पाहिजे का तुला?”

“नको.”

“मग रांगेत उभी राहा.”

त्याने मारलं. वीस वर्षं मी जे देत होते ते काय आहे, हे मला माहीत नव्हतं. नडगीवरचं वेगळं असतं, ते हाडात बसतं. पोटरीवरचं आधी गार लागतं, मग सगळा पाय मांडीपर्यंत पेटतो आणि पोटात कळ जाते. माझा पाय आपोआप उचलला गेला आणि एक पाऊल पुढे पडला.

“बघा,” तो सगळ्यांना म्हणाला. “पुढंच पडलं.” मग मला म्हणाला, “आता एक मागं टाका. मंग दुसरं न्हाई हाणत.”

माझ्या मागे मोकळं मैदान होतं. कमरेला ढोल नव्हता. माझं वय एक्कावन्न आहे, रोज जिने उतरते, बसमध्ये गर्दी झाली की मागे सरकते. पण ऐंशी-नव्वद जणांसमोर, त्या मैदानावर, पाय उचलेना. मी पायाला सांगितलं, जा. तो गेला नाही. ताशाप्रमुख थांबला होता, घाई करत नव्हता. 

“हाणा,” मी म्हणाले.

त्याने दुसरं मारलं, त्याच जागी, पहिल्यापेक्षा जोरात. कातडी फुटली. मी बसले नाही, पण ओरडले. इतकी वर्षं ती पोरं ओरडत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

त्याने टिपरू मला परत दिलं नाही. कमरेच्या शेल्यात खोचलं आणि म्हणाला, “घ्या सराव.”

त्या दिवशी ढोल न बांधता मागे जाणं शिकवलं. मागच्याने पुढच्याच्या पाठीवर हात ठेवायचा, शेवटच्या रांगेने आधी पाऊल घ्यायचं, मग तिच्या पुढच्या रांगेने, असं पुढपर्यंत. मला करून दाखवता येत नव्हतं, पाय टेकत नव्हता, म्हणून मी तोंडी सांगितलं आणि क्रमांक चारने आकडे मोजले. दोन्ही पथकं मिसळून उभी केली, तरी पहिल्या खेपेला तिघे पडले आणि त्यातल्या दोघांत तिथेच जुंपली. एकाने दुसऱ्याच्या टाक्यांवर मुद्दाम बुक्की मारली. त्यांना वेगळं करून पुन्हा सुरुवात केली.

इशारे आता प्रत्येक पथकाचे वेगळे आहेत. तीन आखूड म्हणजे मागे. पहिल्या पानावरचा नियम मी खोडलेला नाही, त्याच्या खाली दुसरा, मागे कसं जायचं याचा, लिहिला आहे, कारण बरगड्याही खऱ्या होत्या.

पडताळणीत क्रमांक चारच्या नावावर काही निघालं नाही. ती प्रशिक्षणाला गेली. जाताना घरी येऊन पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या गालावरची खूण जवळून दिसली. डोळ्यापासून बोटभर खाली. क्रमांक चारवर आता नवीन मुलगी उभी असते. वाजवायला सुरुवात करण्याआधी ती अर्धं पाऊल मागे घेते, दर वेळी. मी रांगेच्या मागून जाते तेव्हा माझा हात उठतो. मी तो खिशात घालते आणि पुढे जाते.